धमनीतील गुठळी आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम: कारण समजून उपचार कसे सांभाळावेत

चाळिशीही न ओलांडलेल्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, तपासात रक्तदाब आणि साखर ठीक निघते, हृदयाचे ठोके नियमित असतात, मानेतल्या धमन्याही स्वच्छ दिसतात. अशा वेळी डॉक्टर ज्या खास रक्ततपासण्या लिहून देतात, त्यांत अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी बहुधा असतेच. त्या तपासणीचा कागद ज्यांच्या हातात पडला आहे, असे गोव्यातील रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे यांच्यासाठी हा लेख आहे. गोळीची मात्रा किती, कोणती तपासणी कधी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. मात्र त्यांनी सांगितलेले घरी नीट पाळता यावे, एवढी समज येथे मिळावी असा प्रयत्न आहे.

या आजारात दिल्या जाणाऱ्या सूचना वरवर पाहता एकमेकींना छेद देतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. अहवाल सांगतो की रक्त गोठायला जास्त वेळ लागतो आहे, आणि डॉक्टर रक्त पातळ करण्याची गोळी देतात. प्लेटलेट्स कमी असतात, तरी ॲस्पिरिन चालू राहते. शेजारच्या काकांना हृदयाच्या तक्रारीसाठी नवी, पथ्य नसलेली गोळी मिळते, आणि आपल्याला मात्र दर महिन्याला रक्त तपासायला लावणारी जुनीच गोळी घ्यावी लागते. धमनीत गुठळी कशी तयार होते हे एकदा समजले, की या तिन्ही गोष्टींची संगती लागते. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

धमनीत गुठळी होते ती कशी

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एक पातळ अस्तर असते. ते निरोगी असते तोवर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सोडत राहते. त्यामुळे धमनी सैल राहते आणि प्लेटलेट्स तिच्या भिंतीला चिकटत नाहीत. प्रत्येक पेशीच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध रेणू असतात. त्यांपैकी ऋणभारित रेणू एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला राहतात आणि पेशी दुखावली किंवा चेतवली गेली की बाहेरच्या बाजूला येतात. रक्तात फिरणारे बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे प्रथिन अशा उघड्या पडलेल्या जागी जाऊन बसते. बसताना त्याचा आकार बदलतो आणि एरवी दडलेला त्याचा एक भाग उघडा पडतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे थोडक्यात एपीएसमध्ये, शरीराची प्रतिकारयंत्रणा मुख्यतः याच भागाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. लंडनमधील डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या आजाराचे चित्र प्रथम नीट मांडले.

प्रतिपिंड अशी दोन प्रथिने एकत्र बांधते, त्यामुळे त्यांची पेशीवरची पकड घट्ट होते आणि पेशीच्या आत चुकीचा संदेश जातो. त्याचे परिणाम एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसतात. अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड कमी तयार करू लागतात आणि आपल्या पृष्ठभागावर चिकटण्याच्या जागा उघडतात. त्या पेशी आणि रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन बाहेर आणतात, ज्यापासून गोठण्याची साखळी सुरू होते. प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. न्यूट्रोफिल पेशी आपल्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकतात आणि त्यात प्लेटलेट्स अडकतात. कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारयंत्रणेची दुसरी फळीही जागी होते. भरीस भर म्हणून, गोठण्याला आवर घालणारी प्रोटीन सी ही नैसर्गिक व्यवस्था आणि झालेली गुठळी विरघळवणारी व्यवस्था, दोन्ही मंदावतात.

शिरेत रक्त संथ वाहते. तेथील गुठळीत फायब्रिनचे धागे आणि लाल पेशी जास्त असतात, आणि ती बहुधा पायाच्या खोल शिरेत होते. धमनीत रक्ताला वेग असतो. त्या वेगातही भिंतीला धरून राहणे प्लेटलेट्सना जमते, म्हणून धमनीतील गुठळीत त्यांचाच भरणा असतो. बहुतेक गोठण-विकारांत शिरेतच गुठळी होते. एपीएसमध्ये मात्र प्लेटलेट्स आणि धमनीचे अस्तर दोन्ही चेतवले जात असल्याने धमनीही बंद होऊ शकते, आणि त्यासाठी आधीपासून चरबीचा थर साचलेला असण्याची गरज नसते. युरोपातील एक हजार रुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत पायाच्या खोल शिरेतील गुठळी सुमारे ३९ टक्के रुग्णांत आढळली आणि पक्षाघात सुमारे २० टक्क्यांत. धमन्यांपैकी मेंदूच्या धमन्यांवरच या आजाराचा रोख सर्वाधिक असतो. त्यानंतर हृदय, डोळा, मूत्रपिंड, आतडे आणि हातापायांच्या धमन्या येतात.

धमनी बंद होण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. काही रुग्णांत हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांवर छोटे उंचवटे तयार होतात. त्यांचा कण सुटून रक्तासोबत मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. इकोकार्डिओग्राफी सांगितली जाते ती यासाठीही. दुसरा मार्ग संथ असतो. त्यात लहान धमन्यांची भिंत आतून हळूहळू जाड होत जाते, आणि मूत्रपिंडात असे घडले तर रक्तदाब वाढतो व लघवीत प्रथिन दिसू लागते. पायांच्या किंवा हातांच्या कातडीवर उमटणारी निळसर-जांभळी, तुटक जाळीसारखी नक्षी हेही लहान वाहिन्यांतील बिघाडाचेच लक्षण असते. ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे, कारण रुग्ण स्वतःहून त्याबद्दल क्वचितच बोलतो.

प्रतिपिंडे असलेल्या प्रत्येकाला गुठळी होत नाही. निरोगी दिसणाऱ्या लोकांपैकीही १ ते ५ टक्के जणांच्या रक्तात ती सापडतात. खाजन शेताचा बांध खेकड्यांनी आतून पोखरलेला असला तरी तो फुटतो बहुधा अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. तसेच प्रतिपिंडांमुळे रक्तवाहिनी कमकुवत झालेली असते, पण गुठळी होण्यासाठी बहुतेक वेळा दुसरा एखादा धक्का लागतो. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, धूम्रपान, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी अचानक बंद होणे, यांपैकी काहीही तो धक्का ठरू शकते. नेदरलँड्समधील ५० वर्षांखालील स्त्रियांच्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे प्रतिपिंड असल्यास पक्षाघाताची शक्यता सुमारे ४३ पट दिसली. त्यासोबत धूम्रपान असल्यास ती ८७ पट आणि गर्भनिरोधक गोळी असल्यास २०० पटींच्या आसपास गेली. अशा अभ्यासांत रुग्णसंख्या कमी असते, त्यामुळे नेमके आकडे मागेपुढे होऊ शकतात. पण धोका किती झपाट्याने चढतो हे त्यांवरून कळते. माझ्या मते, एपीएसच्या रुग्णाला एकच सल्ला द्यायची मुभा असेल तर तो सिगारेट आणि इस्ट्रोजेनची गोळी सोडण्याचाच असावा.

अहवाल कसा वाचावा

तपासण्या तीन असतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडे आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ प्रतिपिंडे. शेवटच्या दोहोंत आयजीजी आणि आयजीएम या प्रतिपिंडांच्या दोन प्रकारांचे दोन आकडे येतात. अहवालात केवळ "पॉझिटिव्ह" शब्द पाहून घाबरू नये आणि "निगेटिव्ह" वाचून निश्चिंतही होऊ नये. आकडा किती आहे, तो आयजीजीचा आहे की आयजीएमचा, आणि तीनपैकी किती तपासण्या होकारार्थी आहेत, हे पाहावे लागते. २००६ साली सुधारलेल्या निकषांत कार्डिओलिपिनसाठी ४० एककांहून अधिक पातळी धरली होती. धमनीच्या दृष्टीने ल्युपस अँटिकोॲग्युलंट सर्वाधिक धोक्याचे मानतात, आणि तिन्ही तपासण्या होकारार्थी असणे त्याहूनही गंभीर. केवळ आयजीएम थोडे वाढलेले असेल, तर त्याला बरेच कमी महत्त्व दिले जाते.

तपासणी एकदा करून भागत नाही. कोणत्याही तापात ही प्रतिपिंडे तात्पुरती वाढू शकतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करतात आणि दोन्ही वेळा आढळली तरच निदान पक्के धरतात. दरम्यान उपचार थांबवायचे नसतात. गोव्यातल्या पावसाळ्यात डेंगी, लेप्टो किंवा साधा विषाणूताप होऊन गेल्यावर पहिला नमुना घेतला गेला असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

ल्युपस अँटिकोॲग्युलंटची तपासणी नाजूक असते. ती फॉस्फोलिपिडच्या साहाय्याने परीक्षानळीत रक्त गोठवून करतात. प्रतिपिंड त्या फॉस्फोलिपिडलाच अडवते, म्हणून नळीत रक्त गोठायला उशीर लागतो आणि एपीटीटीचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा वाढलेला दिसतो. शरीरात मात्र पेशी, प्लेटलेट्स आणि वाहिनीचे अस्तर असते. तेथे तेच प्रतिपिंड गोठण्याला चालना देते. पहिल्या विरोधाभासाचे उत्तर हेच आहे. एपीटीटी वाढलेला पाहून "याचे रक्त आधीच पातळ आहे, गोळी बंद करा" असे कोणी सुचवले, तर गोळी थांबवण्याआधी आपल्या तज्ज्ञांना विचारावे. या तपासणीच्या एका प्रकारात घोणस सापाचे विष अत्यंत विरळ करून वापरतात, कारण ते गोठण्याच्या साखळीला मध्येच एका ठरावीक जागी सुरुवात करून देते; आपल्या कुळागरांत ज्या सापाला सारे घाबरतात, त्याच्याच विषावर जगभरातल्या प्रयोगशाळा हे निदान करतात.

हेपारिनचे इंजेक्शन, वॉरफॅरिन ही जुनी गोळी आणि नव्या गोळ्या, या रक्त पातळ करणाऱ्या सर्व औषधांमुळे ही एक तपासणी फसू शकते. उरलेल्या दोन प्रतिपिंड-तपासण्यांना त्यांचा अडथळा होत नाही. म्हणून शक्य असल्यास नमुना उपचार सुरू होण्यापूर्वी घेतात, आणि ते जमले नाही तर कोणते औषध कधी घेतले हे मागणीपत्रावर लिहितात. रक्त निळ्या बुचाच्या सायट्रेट नळीत, खुणेपर्यंत बरोबर भरावे लागते, आणि चार तासांच्या आत त्यातून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. पेडणे किंवा काणकोण येथे रक्त देऊन नमुना दुसरीकडे पाठवला जाणार असेल, तर तो केव्हा आणि कोणत्या अवस्थेत पोहोचणार हे विचारायला संकोच करू नये. माझ्या मते या तपासणीसाठी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जाणेच बरे.

याच आजाराची आणखी दोन चिन्हे साध्या तपासण्यांत सापडतात आणि दोन्हींचा चुकीचा अर्थ लावला जातो. गरोदरपणी नावनोंदणीच्या वेळी होणाऱ्या व्हीडीआरएल तपासणीत कार्डिओलिपिनच वापरतात, त्यामुळे उपदंश नसतानाही ती होकारार्थी येऊ शकते. अशा वेळी घरात संशयाचे वातावरण होण्याआधी उपदंशाची खात्री करणारी दुसरी तपासणी करून घ्यावी. दुसरे चिन्ह म्हणजे कमी प्लेटलेट्स. आपल्याकडे जून ते ऑक्टोबरमध्ये प्लेटलेट्स एक-सव्वा लाखावर आल्या की सारेजण डेंगी धरून चालतात. तो अंदाज बहुधा बरोबरही असतो. मात्र ताप जाऊन काही महिने उलटले तरी आकडा वर येत नसेल आणि त्या व्यक्तीला पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा वारंवार गर्भपात झाला असेल, तर प्रतिपिंडे तपासावीत. अशा कमी प्लेटलेट्समुळे गुठळीपासून संरक्षण मिळत नाही, कारण उरलेल्या प्लेटलेट्स चेतवलेल्याच असतात. ॲस्पिरिन चालू ठेवण्याचे कारण तेच.

झटका ओळखणे

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एका हातात किंवा पायात अचानक जोर न राहणे, बोलणे अडखळणे, ही मेंदूची लक्षणे बहुतेकांना ठाऊक आहेत. एका डोळ्यापुढे काही मिनिटे पडदा ओढल्यासारखे होऊन पुन्हा दिसू लागणे, किंवा दहा मिनिटांत पूर्ण ओसरलेली अशक्तता, यांकडे मात्र "थकव्यामुळे झाले असेल" म्हणून दुर्लक्ष होते. ती पुढच्या मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. छातीत दाब, अचानक गार आणि पांढरा पडलेला दुखरा हात किंवा पाय, जेवणाशी संबंध नसलेली असह्य पोटदुखी, हीदेखील धमनी बंद झाल्याची लक्षणे आहेत.

वेळ नोंदवावी: माणूस शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला होता, ती वेळ. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत देतात. १०८ ला फोन करताना रुग्ण रक्त पातळ करण्याची गोळी घेतो आणि शेवटचा आयएनआर, म्हणजे गोळीचा परिणाम दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, किती होता, हे सांगावे. आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत आणि तारेच्या साहाय्याने गुठळी काढण्याचा विचार करावा लागतो. म्हणून ही माहिती आधी पोहोचली तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचताच निर्णय लवकर होतो. सत्तरी किंवा काणकोणच्या टोकाकडून स्वतःच्या गाडीने एकामागून एक दवाखाने गाठत जाण्यात जो वेळ जातो, तो परत मिळत नाही. आणि घरात पडून असलेली ॲस्पिरिन रुग्णाच्या तोंडात घालू नये. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी सांभाळणे

रुग्णालयात प्रथम हेपारिनची इंजेक्शने देतात आणि त्यासोबत वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकूमॅरॉल सुरू करतात. गोळीचा परिणाम पुरेसा झाला की इंजेक्शन थांबते. आयएनआर हा आकडा गोळीचा परिणाम दाखवतो. गोळी न घेणाऱ्या माणसात तो १ च्या आसपास असतो. शिरेतील गुठळीनंतर तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. धमनीतील गुठळीनंतर तज्ज्ञांत मतभेद आहेत: काही जण २ ते ३ ठेवून सोबत कमी मात्रेचे ॲस्पिरिन देतात, काही ३ ते ४ पर्यंत नेतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त आकड्याचा जास्त फायदा दिसला नव्हता, पण तिच्यात धमनीचे रुग्ण थोडे होते. तेव्हा तुमच्यासाठी ठरलेली मर्यादा कोणती, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. दुसऱ्या रुग्णाच्या मर्यादेशी तिची तुलना करू नये.

आता त्या नव्या गोळीविषयी. रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांना पथ्य आणि नियमित तपासणी लागत नाही, म्हणून त्या हव्याशा वाटणे स्वाभाविक आहे. इटलीत तिन्ही प्रतिपिंडे होकारार्थी असलेल्या १२० रुग्णांवर रिव्हारोक्साबॅन आणि वॉरफॅरिन यांची तुलना झाली आणि ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात रिव्हारोक्साबॅनच्या गटात १९ टक्के आणि वॉरफॅरिनच्या गटात ३ टक्के रुग्णांना गंभीर घटना घडल्या, आणि नव्या गोळीवरील गुठळ्या धमनीतल्या होत्या. नवी गोळी साखळीतील एकाच घटकाला अडवते. वॉरफॅरिन व्हिटॅमिन ‘के’वर अवलंबून असलेले चार घटक एकदम कमी करते. या फरकामुळेच असे होते, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. धमनीत गुठळी झालेली असेल किंवा तिन्ही प्रतिपिंडे असतील, तर नव्या गोळ्या टाळाव्यात असाच आज सर्वसाधारण सल्ला आहे. दुसऱ्या आजारासाठी भेटलेल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तर आपल्याला एपीएस आहे हे त्यांना ठाऊक आहे का, याची खात्री करून घ्यावी.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्यावी, म्हणजे सकाळी आयएनआर करून त्याच दिवशी मात्रा बदलता येते. एक दिवस चुकली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. ॲसेनोकूमॅरॉलचा परिणाम वॉरफॅरिनपेक्षा लवकर उतरतो, म्हणून तिची चूक लवकर भोवते. फार्मसीत एक मिळाली नाही म्हणून दुसरी तेवढ्याच मिलिग्रॅमची घेणे चुकीचे आहे. दोन्हींची मात्रा सारखी नसते. सुरुवातीला आठवड्याला किंवा त्याहून लवकर आयएनआर करावा लागतो, आणि आकडा स्थिर झाल्यावर साधारण महिन्याने. घरी बोटाला टोचून आयएनआर दाखवणारे यंत्र काही एपीएस रुग्णांत चुकीचा आकडा दाखवते, म्हणून ते घेतले तरी सुरुवातीला प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहावे.

गोळी व्हिटॅमिन ‘के’ला अडवते आणि हिरव्या-लाल पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असते. याचा अर्थ पालेभाजी सोडायची असा नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहायची. गोव्यातील घरांत अडचण वेगळी येते. वर्षभर हुमण-भात खाणारे घर श्रावणात मासळी बंद करते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तांबडी भाजी, अळू, शेवग्याचा पाला आणि रानात उगवलेला तायकिळो ताटात येतो. मासळीत व्हिटॅमिन के नगण्य असते, पाल्यात प्रचंड. परिणामी आयएनआर खाली घसरतो. चवथीनंतर मासळी सुरू झाली की तो पुन्हा वर चढतो. म्हणून श्रावण लागल्यावर आठवडा-दहा दिवसांनी एक आणि चवथीनंतर मासळी सुरू झाल्यावर एक, असे दोन जादा आयएनआर करण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. व्रत मोडण्याची गरज नाही, तपासणीची आहे.

उन्हाळ्यातल्या हुर्राकाबद्दलही सांगायला हवे. एकदाच भरपूर पिण्याने आयएनआर वाढू शकतो, रोज भरपूर पिण्याने तो घटूही शकतो, आणि दोन्ही परिस्थितींत पडून डोक्याला मार लागण्याचा धोका असतोच. दारू सोडणे उत्तम. ते होत नसेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये.

औषधांपैकी मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर झपाट्याने वाढतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने तो घटतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक फार्मसीतून स्वतःच घेऊ नये, कारण पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण तेही सलग अनेक दिवस घेतल्यास आयएनआर वाढवते. झाडपाल्याच्या काढ्यांत काय आणि किती असते याचा अंदाज नसल्याने मी ते या गोळीसोबत घेऊ नयेत असेच म्हणेन. कंबरेत घेण्याची इंजेक्शनेही टाळावीत, तेथे स्नायूत रक्त साचते. कोणतेही नवे औषध सुरू झाले की तीन ते पाच दिवसांनी आयएनआर करून घ्यावा.

काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, किंवा अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी ही रक्तस्रावाची लक्षणे समजून लगेच रुग्णालय गाठावे. दुचाकीवरून किंवा पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीच्या) मागे बसून पडल्यावर डोक्याला मार लागला असेल, तर बाहेर जखम नसली तरी स्कॅन करून घ्यावा, आणि हेल्मेट तर मागे बसणाऱ्यानेही घालावे. डेंगी झाल्यास गोळी चालू ठेवायची की नाही, हे प्लेटलेट्सच्या आकड्यावर ठरते. ५० हजारांच्या खाली आकडा गेला की हा प्रश्न डॉक्टरांपुढे त्याच दिवशी गेला पाहिजे.

गर्भधारणा, शस्त्रक्रिया आणि दात काढणे

वॉरफॅरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत, अपाय करते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांना भेटून हेपारिनवर केव्हा जायचे हे ठरवावे. गर्भारपणात हेपारिनची इंजेक्शने आणि कमी मात्रेचे ॲस्पिरिन देतात. पूर्वी धमनीत गुठळी झालेली असल्यास हे गर्भारपण जोखमीचेच समजावे आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात व्हावे. गर्भनिरोधासाठी इस्ट्रोजेन नसलेले पर्याय उपलब्ध आहेत.

गोळी अचानक थांबणे हा या आजारातील सर्वांत वाईट धक्क्यांपैकी एक आहे. क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत, आठवड्याभरात तीन किंवा अधिक अवयवांच्या लहान वाहिन्या एकदम बंद होतात. अशा रुग्णाला अतिदक्षता विभागात हेपारिन, स्टेरॉइड आणि प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लागतात, आणि तरीही साधारण तीनातला एक दगावतो. संसर्ग, शस्त्रक्रिया आणि गोळी बंद होणे ही त्याची नेहमीची निमित्ते असतात. त्यामुळे पोर्तुगाल किंवा आखातात जाणाऱ्याने प्रवासभर पुरतील एवढ्या गोळ्या, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

साधा दात काढायचा असेल तर आयएनआर मर्यादेत असताना गोळी न थांबवताही दंतवैद्य ते करू शकतात. जखमेवर दाब आणि टाका पुरतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवावीच लागते. तेव्हा शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि गोळी देणारे डॉक्टर या दोघांचे मिळून एक लेखी वेळापत्रक हातात असावे: शेवटची गोळी कोणत्या तारखेला, हेपारिन कधीपासून, शस्त्रक्रियेच्या किती तास आधी ते थांबवायचे, आणि गोळी पुन्हा कोणत्या संध्याकाळी सुरू करायची. असा कागद मिळाला नाही तर दाखल होण्यापूर्वी तो मागून घ्यावा.